शिवणीतली माया

गेल्या महिन्यात भोरला आमच्या नात्यातल्या एका मुलीचा सतवासा झाला. सतवासा म्हणजे सातव्या महिन्यातली ओटी. शेजारच्या हिंदू घरांत डोहाळजेवण म्हणतात. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गजरे, ओटीतला सुकामेवा, सगळं दोन्हीकडे जवळपास सारखंच. मुलीला साडेचार हजारांची साडी नेसवली होती. सगळ्यांनी फोटो काढले, बलाएँ घेतल्या, जेवलो, उठलो.

संध्याकाळी मी आवरायला आत गेले, तर ती तिच्या रोजच्या कपड्यांत होती. सासूचा जुना गाऊन, काखेत उसवलेला, धुऊन धुऊन पातळ झालेला, पोटामुळं पुढून वीतभर वर उचललेला. त्यावर ओढणी. दार वाजलं की ती आतल्या खोलीत पळत होती.

तिनं मला हळूच सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी तिनं स्वतःसाठी एक अंगरखा कुर्ता शिवून घेतला होता. कापड आणि शिलाई मिळून आठशे रुपये. तो घालून दवाखान्यात जाऊन आली, तर दारातच फुफूनं विचारलं, "एवढं पोट घेऊन नटूनथटून कुठं निघाली होतीस?" त्या दिवसापासून कुर्ता पेटीत पडून आहे.

हा लेख त्या फुफूसाठी आहे. त्या मलाही फुफू लागतात, म्हणून अदब राखूनच लिहिते. पण लिहिते, कारण ही फुफू प्रत्येक घरात आहे, आणि कधी कधी ती आपणच असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पोटुशी बाईला अंगाला नीट बसणारे, तिला शोभणारे, घराबाहेर घालून जाता येतील असे निदान तीन जोड हवेत. त्यांचा खर्च दवाखान्याच्या आणि औषधाच्या खर्चाशेजारी मांडला पाहिजे. याला जे चोचले म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं माहेर वेल्ह्याकडचं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. सासर भोर. बी.एड. करून मी शाळेत लागले होते, उर्दू आणि मराठी शिकवत होते. पहिल्या खेपेला पाचवा महिना चालू असताना सासरचं घर वाटलं गेलं. मोठे दीर-जाऊ मूळ घरात राहिले आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एकत्र घरात एक सोय असते, तिची किंमत घर मोडल्यावर कळते. एका जावेचे ढिले कपडे दुसरीला मिळतात, बाळाची दुपटी या पाळण्यातून त्या पाळण्यात जातात. ते सगळं त्या घरच्या पेटीत राहिलं. मागायला जावं, तर वाटणीचा राग अजून ताजा होता.

माझ्याकडे शाळेत घालायचे तीन ब्लाऊज होते आणि तिन्ही आवळत होते. परकराची नाडी पोटावर बांधली तर वळ उठायचा, खाली बांधली तर निऱ्या सुटायच्या. त्यात पावसाळा. भोर-वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आषाढात कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. मी दमट ब्लाऊजला सेफ्टी पिना लावून वर्गावर जात होते.

१५ ऑगस्टच्या कार्यक्रमाचं निवेदन दर वर्षी माझ्याकडे असायचं. त्या वर्षी मला सांगण्यात आलं, "मॅडम, पाहुणे येणार आहेत, यंदा तुम्ही मागं बसा." मी मागं बसले. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं, कारण पिना लावलेला ब्लाऊज घालून माइकपुढं उभं राहायची माझी तयारी नव्हती. पण आठवीच्या मुली मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. पोट दिसायला लागलं की बाईनं मागच्या रांगेत जायचं असतं, हा धडा त्या दिवशी त्यांना मी दिला. पुस्तकातले किती धडे त्यांच्या लक्षात राहिले कोण जाणे, हा राहिला असेल.

फुफूचा पहिला मुद्दा ठरलेला असतो: आमच्या आई-आज्यांना कुठं होते असले लाड?

माझी नानी लुगडं नेसायची. त्या काळी आमच्याकडच्या खेड्यांत कितीतरी मुसलमान बायका नेसायच्या. नऊवारी कमरेला गाठ मारून नेसतात. पोट वाढेल तशी गाठ सरकवायची, काम झालं. चोळीलाही पुढं गाठ. छाती भरली की गाठ सैल करायची आणि बाळ झाल्यावर तीच सोडून पाजायचं. म्हणजे नानीला बाळंतपणासाठी वेगळे कपडे लागले नाहीत, कारण तिच्या रोजच्या कपड्यातच ती सोय होती. पुढं हुकांचा ब्लाऊज आला, नाडीचा परकर आला, मापात शिवलेला पंजाबी ड्रेस आला. हे कपडे एकाच मापाच्या बाईसाठी शिवलेले असतात. जुनी सोय गेली, तिच्या जागी दुसरी कुणी केली नाही. मग आला तो गाऊन. तेव्हा फुफू, आज्यांचं नाव घेऊ नका. त्यांचे कपडे या मुलीच्या कपड्यांपेक्षा शहाणे होते.

दुसरा मुद्दा नजरेचा. नजर लागते असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. दुआ वाचा, सूरह फलक वाचून फुंकर घाला. पण आठव्या महिन्यात गाऊनमध्ये पोट लपत नाही, बाई लपते. ती दवाखान्याला जायचं पुढं ढकलते, शेजारी जात नाही, पालकसभेला जात नाही. मनातून खचत जाते आणि आपण म्हणतो, या दिवसांत असंच असतं.

तिसरा मुद्दा पर्द्याचा. कपडा सैल असावा, अंगभर असावा, आरपार दिसू नये. मान्य. छातीखाली चुण्या घेतलेला, बाजूला बंद असलेला सुती अंगरखा या तिन्ही गोष्टी पाळतो. काखेत उसवलेला पातळ गाऊन यातली कुठली पाळतो? बुरख्याचंही तेच. नेहमीच्या मापाच्या बुरख्याची बटणं सहाव्या महिन्यात ताणतात आणि पुढचा काठ वर उचलला जातो. पुढून चार बोटं लांब आणि घेरदार शिवला की प्रश्न मिटतो. आणि नीटनेटकं दिसण्यालाच आक्षेप असेल, तर सूरह आराफची ३२वी आयत काढून बघा. अल्लाहनं आपल्या बंद्यांसाठी केलेली शोभा हराम कुणी ठरवली, असा सवाल तिथं आहे.

चौथा मुद्दा पैशाचा, आणि खरी गोम इथंच आहे. सासरचे म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरचं. माहेरचे म्हणतात, आम्ही सतवाशाला साडी केली. साडी एका दुपारपुरती. नऊ महिन्यांचे बाकीचे दिवस कुणाच्याच खात्यावर नाहीत. सूरह बकराची २३३वी आयत दूध पाजणाऱ्या आईविषयी आहे. तिच्या अन्नाची आणि कपड्याची जबाबदारी तिथं बाळाच्या बापावर टाकली आहे, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. सूरह तलाकची ६वी आयत तर तलाक दिलेली बाई गरोदर असेल तर ती बाळंत होईपर्यंत तिच्यावर खर्च करायला सांगते. मग नांदत्या बायकोचं काय विचारता? अन्नाच्या शेजारी कपड्याचं नाव आहे. आपण अन्न लक्षात ठेवलं, डिंकाचे लाडू आणि हरिरा चुकत नाही. कपडा मात्र विसरलो. आणि ज्या घरात साडेचार हजारांची साडी येते, तिथं आठशेचे तीन कुर्ते इसराफ ठरतात, हा हिशेब मला कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवावा.

आता कुणी म्हणेल, मुसलमानांतच हे सगळं चालतं. नाही. गरोदर बाई दिसू नये ही इच्छा फार लांबवर पसरलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०४च्या सुमाराला लिथुआनियाहून आलेली लीना ब्रायंट ही विधवा शिंपीण कपडे शिवायची. एका गरोदर गिऱ्हाइकानं तिच्याकडे बाहेर जाताना घालता येईल असा कपडा मागितला. तिनं तो कमरेला इलास्टिक लावून शिवला आणि तो खपू लागला. पण तिथली वर्तमानपत्रं त्याची जाहिरात छापायला तयार नव्हती. १९११ साली एकानं छापली, तेव्हा दुकानातला माल हातोहात संपला. बायकांना तो कपडा हवा होता. शरम छापणाऱ्यांना वाटत होती.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. २०२२च्या जानेवारीत स्टेट बँकेचं एक परिपत्रक गाजलं होतं. तीन महिन्यांहून जास्त दिवस गेलेली उमेदवार बाई नोकरीवर घेण्यासाठी 'तात्पुरती अपात्र' ठरवली होती. देशभर टीका झाली आणि बँकेनं ते मागं घेतलं. १५ मार्च २०२४ला राज्य सरकारनं आम्हा शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. त्यावर शिक्षकांच्या खोलीत जीन्सपासून टी-शर्टपर्यंत सगळ्याची चर्चा झाली. सात महिन्यांच्या बाईंनी ती साडी कशी नेसायची, हे एकानंही विचारलं नाही. आणि २०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजेचा कायदा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे देतो, पण त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८च घेता येतात. म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत बाई कामावर असणार हे कायदाच धरून चालतो. कोणत्या कपड्यात, हे घरानं बघायचं.

दुसऱ्या टोकालाही मी ओळखते. पुण्यात जाऊन, भाड्याचा लांब झगा घालून, पोटावर हात ठेवून फोटो काढायची नवी हौस आलीय. ज्याला परवडतं त्यानं काढावेत. पण तो झगाही एका दुपारचाच. सतवाशाची साडी आणि तो झगा एकाच जातीचे. दोन्ही बघणाऱ्यासाठी. मी बोलतेय ते मंगळवारी सकाळी रिक्षात बसून सोनोग्राफीला जाताना घालायच्या कपड्याबद्दल.

तो कसा असावा, हेही सांगते. पहिला, छातीखाली चुण्यांचा सुती कुर्ता, गुडघ्याखाली येईल असा. दुसरा, बंदांचा अंगरखा. तिसरा, दोन्ही बाजूंच्या उभ्या शिवणीत चेन लावलेला, म्हणजे नंतर बाळाला पाजतानाही चालेल. सलवारीला नाडीऐवजी रुंद इलास्टिक, पोटाखाली बसेल असं. कापड पातळ पण आरपार न दिसणारं, आमच्या पावसात लवकर वाळणारं. रंग तिच्या आवडीचा. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. आणि शिवणाऱ्याला सांगून आत माया ठेवून घ्यायची. शिवणीत आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत माया म्हणतात. अंग भरलं की उसवून ती सोडायची. तयार कपड्यात ती बहुधा नसते, आणि सांगितल्याशिवाय आता शिंपीही ठेवत नाहीत.

आणखी एक सुचवते. घरं आता लहान झालीत. पोरं शिरवळच्या कंपन्यांत कामाला जातात, नसरापूर-कापूरहोळला खोली घेऊन राहतात. सून एकटी, जावेची पेटी लांब. मग पेटी मोहल्ल्याची करू या. प्रत्येक मोहल्ल्यात एका घरी एक गाठोडं ठेवायचं. बाळंतपण उरकलं की आपले तीन जोड धुऊन, इस्त्री करून त्यात टाकायचे आणि पुढच्या पोटुशीनं हक्कानं न्यायचे. फाटका गाऊन गाठोड्यात घ्यायचा नाही, हा एकच नियम. आमच्या गल्लीत दोन कुर्ते आणि एक बुरखा जमलाय. शेजारच्या ताईंनी डोहाळजेवणाच्या आधी विचारलं, आम्हालाही चालेल का? मी म्हटलं, पोट सगळ्यांचं सारखंच वाढतं.

फुफू, शेवटचं तुमच्याशी. तुमच्या हातची शिलाई मी लहानपणापासून घातलीय. माझ्या पहिल्या ईदचा फ्रॉक तुम्हीच शिवला होता, आणि पुढच्या दोन ईदा तो मला झाला, कारण तुम्ही आत माया ठेवली होती. या मुलीचा अंगरखा मी पेटीतून काढून बघितला. आता आठवा लागलाय, काखेत आणि दंडाला आवळतोय. आतून पाहिलं, दोन बोटं माया आहे. रविवारी घेऊन येते. मशीनला तेल घालून ठेवा.