चालक आरोपी, उतार मात्र निर्दोष

मंडळी, नवले पुलावर मोठा अपघात झाला की पुढचे आठ दिवस काय होतं, ते आपल्या नऱ्हे-वडगाव-आंबेगावच्या लोकांना आता पाठ झालंय. पहिल्या दिवशी नेत्यांची पाहणी, दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांची बैठक, तिसऱ्या दिवशी टपऱ्यांवर बुलडोझर. मग नवे फलक, नवे रम्बलर आणि ट्रकचालकावर गुन्हा. फिर्यादीतलं वाक्यही ठरलेलं असतं: 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून...' नाव आणि गाडीचा नंबर तेवढा बदलतो.

20 नोव्हेंबर 2022 ला एका अवजड गाडीने इथे चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला आठ जणांचा जीव गेला. मधल्या तीन वर्षांत चालक बदलले, गाड्या बदलल्या. उतार तोच राहिला.

चालक निर्दोष असतात असं मी म्हणत नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेतच. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत काम करेनासे होतात. हे आता रिक्षावालाही सांगतो. पण नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की लांबच लांब उतार, आणि तो संपतो कुठे? जिथे सर्व्हिस रोडवरून कॉलेजची पोरं, भाजीवाले, शाळेच्या व्हॅन हायवेला मिळतात बरोबर तिथे. चालक चुकणार हे माहीत असताना त्याची चूक थेट माणसांच्या गर्दीवर नेऊन सोडणारा रस्ता कुणी आखला? हा प्रश्न फिर्यादीत कधीच नसतो, कारण फिर्यादीत त्याला रकानाच नाही.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. उलट गेल्या काही वर्षांत माहिती गोळा करण्याचं काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय. आयआयटी मद्रासने आखलेलं आणि एनआयसीने चालवलेलं 'आयरॅड' नावाचं ॲप आहे, त्याचंच पुढचं रूप 'ई-डार'. अपघात झाला की पोलिसाने जागेवर जाऊन मोबाईलवर फोटो, ठिकाण आणि तपशील भरायचा. मग तीच नोंद गाडी तपासायला आरटीओकडे, रस्ता तपासायला रस्त्याच्या इंजिनिअरकडे आणि जखमींच्या माहितीसाठी दवाखान्याकडे जाते. कागदावर व्यवस्था उत्तम आहे.

पण बाहेर येतं काय? केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यातली सुमारे 71 टक्के अतिवेगाने. आता मला सांगा, पोलीस पोचतो तेव्हा गाडी आडवी पडलेली असते. वेग मोजला कुणी? बहुतेक वेळा कुणीच नाही. यादीतला सगळ्यात सोपा पर्याय निवडला जातो, त्याची टक्केवारी दिल्लीला जाते आणि तिथून 'वेगावर नियंत्रण ठेवा' असा फलक होऊन आपल्याच उतारावर परत येतो.

'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या एकदा नीट वाचा. राष्ट्रीय महामार्गाचा साधारण 500 मीटरचा तुकडा, तिथे तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. म्हणजे जागा धोकादायक आहे हे सरकारदरबारी सिद्ध करायला आधी तेवढी माणसं द्यावी लागतात. चार अपघात झालेल्या वळणाने अजून थांबायचं.

शिक्षेचा हिशेबही बघा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली चालकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे माणूस मेला तर? 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आलं. जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. फक्त दंड. तोही कुणाला झाल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी तरी नाही.

(इथे कुणीतरी हेल्मेटचं काढणारच, तर तेही घ्या. 2022 च्या मृतांत 44 टक्के दुचाकीवाले होते. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं आपलं शहर आहे, त्यामुळे सगळं खापर इंजिनिअरवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही.)

वेगळ्या पद्धतीने काम होऊ शकतं, हे आपल्याच शेजारी दिसलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं गेली होती. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी तिथे काम सुरू केलं. जीवघेण्या अपघाताची जागा प्रत्यक्ष तपासायची आणि माणूस नेमका कशावर आदळून मेला ते शोधायचं. उघडे काँक्रीटचे कठडे, क्रॅश बॅरिअरची टोकं, कडेला उभे केलेले ट्रक अशी उत्तरं सापडत गेली आणि एकेक दुरुस्त होत गेलं. काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. अजूनही तो शून्य नाही, घाटात आजही माणसं मरतात. पण तिथे 'कुणी मारलं' याच्या जोडीला 'कशाने मेला' हेही विचारलं गेलं, फरक त्यामुळे पडला.

आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती आहे. पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं, महामार्गवाले सगळे तिथे बसतात. बैठकीचे फोटो आपल्याला दिसतात, इतिवृत्त दिसत नाही. माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक अपघाती मृत्यूमागे एक पानाचा अहवाल जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका. जागा कोणती, रस्ता कुणाच्या ताब्यातला, रस्त्यात काय दोष सापडला, कोणत्या तारखेपर्यंत कोण दुरुस्त करणार. मृताचं नाव नको, चालकाचंही नको. इंजिनिअरचं पदनाम मात्र हवं. रस्त्याची तपासणी ई-डारमध्ये भरायचीच असते, त्यामुळे कुणाला नवं काम लागणार नाही.

मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी टाकतोय. आपापल्या भागातल्या वळणासाठी, चौकासाठी ज्यांना टाकायचाय त्यांनी कमेंटमध्ये जागेचं नाव लिहा, मसुदा पाठवतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.