पट मांडणारा आणि पट खेळणारा

पर्युषण असो वा दशलक्षण पर्व, घरातील मुलांना वडीलधाऱ्यांसमवेत बसविण्याचे एक जुने साधन आपल्या परंपरेत आहे. त्याचे नाव ज्ञानचौपड, अर्थात ज्ञानबाजी. कापडावर किंवा कागदावर रंगविलेला, बहुधा ८४ घरांचा हा पट असतो. शिखरावर सिद्धशिला, तळाशी नरकगती आणि मध्ये गुण-दोषांची घरे. दान पडेल तशी सोंगटी शिडीने चढते, सापाच्या मुखातून उतरते. महाराष्ट्रातील मोक्षपट याच कुळातला. परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते.

प्रेक्षकाला सहभागी करून घेणारी प्रदर्शने आणि खेळ आज सर्वत्र रचले जातात. त्यांच्याविषयी एक प्रश्न नेहमी उपस्थित होतो : अर्थ कोण घडवितो, रचणारा की अनुभवणारा? ज्ञानबाजीचा पट या प्रश्नाचे मार्मिक उत्तर देतो.

समजा, अर्धापूरला केळीचा व्यापार करणारे आजोबा आणि त्यांचा नातू एकाच पटावर बसले आहेत. दोघांच्याही सोंगट्या लोभाच्या घरातून घसरल्या. नातवाला फक्त साप दिसेल. आजोबांना मात्र एखादा जुना सौदा, अडलेल्या शेतकऱ्याला दिलेला कमी भाव आठवू शकेल. चित्रकाराने घर एकच रंगविले. अर्थ दोन निघाले, कारण आयुष्ये दोन होती.

म्हणून रचनाकाराचे काम गौण ठरते, असे मात्र नाही. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचला. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. आपल्या बाजारातील सापशिडीवर तर आता बहुधा १ ते १०० हे आकडेच उरले आहेत. साप, शिडी आणि फासा तेच. पण घरांवरील शब्द पुसले गेले आणि खेळणाऱ्याच्या हाती केवळ नशीब राहिले. रचनाकार अर्थ देत नाही हे खरे. परंतु अर्थाला बसण्यासाठी जागा तोच ठेवतो.

येथे एक शंका रास्त आहे. फासा जर योगायोगाने पडतो, तर कर्मसिद्धांत कोठे राहिला? विचारी खेळाडू याचे उत्तर स्वतःच देतो. पडलेले दान म्हणजे उदय. तो आपल्या हाती नाही. दान पडल्यावर मनात उठणारा भाव मात्र आपला. घसरताना क्रोध आला की समता राहिली, दुसरा घसरला तेव्हा हर्ष झाला की करुणा वाटली, हा हिशेब पटावर लिहिलेला नाही. तो खेळणाऱ्यानेच मांडावयाचा असतो.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला २०२५ साली करावा लागला. ते खेळ दोन दानांमध्ये विचाराला क्षणाचीही उसंत देत नाहीत. व्यापारी घरातील मुलाला नफा-तोटा उद्या पाहावयाचाच आहे. तोटा म्हणजे निव्वळ दुर्दैव, की थांबून स्वतःकडे पाहण्याची वेळ, हे त्याने कोठे शिकावे?

यंदाच्या पर्वात पट मांडा. सोंगटी घसरली की लगेच फासा पुढे सरकवू नका. “या घराचे नाव काय?” एवढेच विचारा आणि मुलाला बोलू द्या. उत्तर आपण सांगू नये.