सरासरीत कोण बुडालं?



आकडेशास्त्राने अर्थशास्त्र तपासणाऱ्या विद्वानांची इकॉनॉमेट्रिक सोसायटी १९३० साली अमेरिकेत निघाली; भारतातली इंडियन इकॉनॉमेट्रिक सोसायटी १९६० ची. ही आकड्यांची विद्या आपल्याला परकी नाही. पीककापणी प्रयोगांचं शास्त्र बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा. त्याच प्रयोगांवर आज पीकविमा ठरतो. पण काळ्या रानातली कपाशी तरली, की बरडावरची करपलेली कपाशी मंडळाच्या सरासरीत बुडते.

कृषी पदवी घेताना मी सरासरी काढायला शिकलो. तीत कोण बुडालं हे बांधावर कळलं. विद्वानांना मागणी एकच : सरासरीबरोबर तफावतही मांडा. आणि आपण? प्रयोगाच्या दिवशी प्लॉटवर हजर राहा, वजन वहीत लिहा!