गुडघ्याची वाटी आणि आपली जबाबदारी

एका दुर्लक्षित तक्रारीकडे व्यवसायबंधूंचे व भगिनींचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गोडादऱ्यातील आपल्या खानदेशी कुटुंबांत साड्यांना टिकल्या, लेस लावण्याचे काम घरोघरी चालते. तासन्‌तास मांडी घालून बसलेली तरुण मुलगी उठताना गुडघा ‘निसटला’ म्हणते आणि आपण ‘लचक’ समजून वेदनाशामक गोळ्या देतो. मीही तेच करीत आलो. अशीच एक मुलगी तिसऱ्यांदा आली, तेव्हा कुठे मी तिची वाटी बाहेरच्या बाजूस हलकेच ढकलून पाहिली. तिने दचकून माझा हात धरला. निदान त्या भीतीतच होते. एम.आर.आय. होईपर्यंत वाटीमागील कूर्चा झिजलेली होती, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

अशा गुडघ्यासाठी शस्त्रक्रिया आहे. वाटीखालचा कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्याला जोडलेला असतो, तो उंचवटा कापून सरकवायचा व स्क्रूने बसवायचा. १९३८ मध्ये हाउझर यांनी तो आत व खाली नेला. परंतु तो मागेही गेल्याने वाटीवरील दाब वाढला आणि पुढे अनेक गुडघे झिजले. माके यांनी दाब हलका करण्यासाठी उंचवटा पुढे आणला. १९८३ मध्ये फल्करसन यांनी तिरक्या छेदाने तो एकाच वेळी आत व पुढे नेण्याची पद्धत मांडली. वाटीच्या बाहेरच्या व खालच्या भागातील झिजेस ती विशेष उपयुक्त ठरते. वरच्या वा सर्वदूर झिजेस तितकी नाही.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, केवळ दुखते म्हणून हाड कापू नये. आधी मांडीच्या व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने करवून घ्यावेत. वाटी वारंवार निखळत असेल, तर कारण शोधावे. उंचवटा खाचेच्या रेषेपासून २० मि.मी.हून अधिक बाहेर असेल तर तो सरकवण्याचा विचार रास्त. आतला अस्थिबंध फाटला असेल तर त्याची पुनर्रचना. आणि हाडांची वाढ पूर्ण झाली नसेल तर उंचवट्याला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. घाई केल्यास नडगी मोडू शकते. जमिनीवर बसून काम करायला तर कित्येक महिने लागतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हे आधी सांगितले नाही, तर मुलगी चौथ्या आठवड्यातच कामाला बसते. शस्त्रक्रिया तज्ज्ञांनी करावी. पण हा हिशेब घरच्यांसमोर मांडणे कुटुंबाच्या डॉक्टरचे काम आहे.

गुडघा निसटल्याची तक्रार पहिल्यांदा कानी येईल, त्याच दिवशी वाटीला हात लावून पाहावा, एवढीच नम्र विनंती.