आभाळातला पाहुणा कोणाचा?



तुळशीची लग्नं लागली, भाताची झोडणी सुरू झाली आणि आमच्या भिवंडी तालुक्यात गावोगाव हळदीचे मांडव गाजू लागले. अशाच एका रात्री मी खळ्यावर राखणीला होतो. डोळा लागतो न लागतो तोच डोक्यावर घरघर ऐकू आली. वर पाहतो तर एक लाल दिवा आणि एक हिरवा. भाऱ्यांच्या उडवीवरून तो सरकत गेला, गावाच्या कडेच्या गोदामांवर जरा घुटमळला आणि दिसेनासा झाला.

पाच मिनिटांत गावात हाकाटी झाली, “ड्रोन आला! चोर टेहळणी करताहेत!” पोरे काठ्या घेऊन रस्त्याला लागली. नेमका त्याच वेळी फाट्यावर एक परका टेम्पोवाला पंक्चर झालेले चाक बदलत बसला होता. मराठी त्याला धड येईना. पोरांनी त्याला घेरले, एकाने काठी उगारली. मीही त्या घोळक्यात होतो, हे तुमच्यापासून लपवीत नाही. तेवढ्यात शेजारची म्हातारी बॅटरी घेऊन पुढे आली आणि ओरडली, “आरं, आदी त्याला पानी तरी इचारा!”

तिच्या त्या एका वाक्याने पोरे थांबली. सकाळी उलगडा झाला. शेजारच्या गावी हळद होती आणि फोटोवाल्याने वरून चित्रीकरण करायला ड्रोन सोडला होता!

मंडळी, हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले गावाजवळ, चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. तेव्हा ड्रोन नव्हता, नुसती अफवा होती. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोकांनी रात्री जागून काढल्या. आता अफवेला आभाळात दिवा मिळाला आहे. म्हणून हे यंत्र काय आहे, ते कामाचे किती आणि धोक्याचे किती, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवे.

आधी गुण सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल आणि पुढे डोक्याएवढे पीक! आपल्याकडेही खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून तुडतुड्यावर फवारणी करणाऱ्याची गत काही निराळी नसते. ड्रोन हे काम माणसाला पिकात न उतरवता करतो. साधारण १० लिटरची टाकी घेऊन तो एका एकराची फवारणी दहा मिनिटांच्या आसपास उरकतो. बचत गटातल्या बायकांनी ड्रोन चालवून भाड्याने फवारणी करावी, म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. त्यात गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान ठेवले. ज्या माउलीने जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिले, तिच्या हाती हे यंत्र आले तर कोणाला आनंद होणार नाही?

पण फवारणीतही डोळस राहा. पंपाने जे औषध दीड-दोनशे लिटर पाण्यात जाते, ते ड्रोन दहा लिटरांत मारतो. म्हणजे थेंब बारीक आणि औषध कडक. वारा असेल तर ते शेजाऱ्याच्या वैरणीवर, विहिरीवर, मासळीच्या तळ्यावर जाऊन पडेल. म्हणून वारा पडलेला असतानाच फवारा, ड्रोनसाठी मान्य असलेलेच औषध वापरा आणि आदल्या दिवशी शेजारी-पाजारी कळवा. त्या दिवशी जनावरे लांब बांधा.

दुसरा गुण वाट नसलेल्या ठिकाणचा. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावी करोनाच्या लसीचे ३०० डोस ड्रोनने धाडले. घाटाची वाट टाळून ते दहा मिनिटांच्या आत पोचले. उद्या पुराने वाट बंद झालेल्या पाड्यावर सर्पदंशाची लस अशी पोचली, तर एखादे लेकरू वाचेल.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि आम्हा भिवंडीकरांना ती फार जवळची. गोदामे आली, रुंद रस्ते आले, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग थेट आमच्या तालुक्यातल्या आमण्यापर्यंत खुला झाला. वीतभर जागेवरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला आणि एप्रिल २०२१ पासून ‘स्वामित्व’ योजनेत ही मोजणी देशभर सुरू झाली. ज्या गावठाणाला आजवर कागद नव्हता, त्याला मिळकत पत्रिका मिळू लागली. मोजणीआधी हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. ड्रोनला तीच रेघ दिसते. त्या दिवशी घरचे जाणते माणूस हजर ठेवा, शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर रेघ मारा. नकाशा आला की नीट पाहा आणि चूक दिसली तर मुदतीत हरकत घ्या.

आता धोक्याचे. जे यंत्र औषध नेते, ते दुसरेही काही नेऊ शकते. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. पंजाबच्या सरहद्दीवर ड्रोनने अमली माल आणि हत्यारे टाकल्याची प्रकरणे वारंवार पकडली जातात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चकमकी झाल्या तेव्हा सरहद्दीवर ड्रोन आले आणि मुंबईत पोलिसांनी ड्रोन उडवायला बंदी घातली. गावात याहून लहान, पण आपल्या उंबऱ्याशी येणारा धोका आहे. कोणाच्या दाराला कुलूप आहे, अंगणात काय वाळत घातले आहे, न्हाणीवर छप्पर आहे की नाही, हे सगळे वरून दिसते. आपल्या लेकी-सुनांच्या अब्रूचा हा प्रश्न आहे.

म्हणून कायदा माहीत असू द्या. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोनचे नवे नियम आहेत. गाडीला नंबर असतो तसा ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. २५० ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवे, मग तो फवारणीवाला असो की लग्नातला फोटोवाला. मोकळ्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतो. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून नाही. सणावारी किंवा तणावाच्या वेळी पोलीस वेगळी बंदी घालतात, ती तर पाळायचीच.

घरी मांडव घालणार असाल तर फोटोवाल्याला सुपारी देतानाच नोंदणी आणि प्रमाणपत्र विचारा. आधी पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलाला कळवा आणि आजूबाजूच्या गावांतही निरोप धाडा. आमच्या शेजारगावाने एवढे केले असते, तर ती रात्र आली नसती.

आणि परका ड्रोन दिसलाच तर? दगड मारू नका. पाती फिरत तो कोणाच्या डोक्यावर पडेल, त्याची बॅटरी पेट घेईल. खाली पडलेला असेल तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा. वेळ, दिशा आणि दिव्यांचा रंग लिहून ठेवा, ११२ वर फोन करा, पोलीस पाटलाला उठवा. खात्री झाल्यावाचून मोबाईलवर पुढे काही धाडू नका. आणि रस्त्यावर सापडलेल्या परक्या माणसावर हात टाकू नका.

त्या रात्री टेम्पोवाला जाताना म्हातारीच्या पाया पडला. मला मात्र मान वर करवेना. यंत्र कोणाचे ते शोधायला पोलीस आहेत. दारी आलेल्या माणसाला पाणी विचारायचे काम आपले आहे.

बरंय मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू. राम राम!