लोंकरीची चिमणी

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरास घरांतील मुलें काय करीत आहेत हें पाहण्यास भरपूर वेळ असतो, आणि त्यांवर मत देण्याचा जुना अधिकार तो सहसा सोडीत नाहीं. मागील महिन्यांत आमची नात सुईनें लोंकर टोचीत बसलेली पाहून आम्ही म्हणालों, "हा बाहुल्यांचा खेळ किती दिवस चालणार?" या वाक्याचा आम्हांस पुढें पश्चात्ताप झाला, तो कसा, तें सांगतों.

प्रथम ही कला काय तें सांगणें अवश्य आहे. लोंकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. तंतु एकमेकांवर दाबून घोळले म्हणजे ते परस्परांत गुंततात व सहसा सुटत नाहींत. आपला बुरणूस विणलेला नसतो. तो याच गुणावर तयार होतो. बुरणुसास पाणी व मर्दन लागतें. येथें तें काम कोरडी सुई करिते. तिच्या कडांवर बारीक खाचा असतात. आंत शिरतांना त्या तंतूंस बरोबर नेतात व परततांना तेथेंच सोडतात. मूळची ही सुई कारखान्यांतील यंत्राची. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील कारागिरांनीं ती हातीं घेतली.

पिंजलेल्या लोंकरीची घट्ट गुंडाळी करून ती स्पंजाच्या जाड तुकड्यावर ठेवावी व सरळ टोचीत जावें. सुई आंत असतां वांकली कीं मोडते, आणि बोट मध्यें आलें तर रक्त काढते. आकारासाठीं ३६ नंबरची जाड सुई, शेवटच्या हातासाठीं ४० नंबरची बारीक. टोचतां टोचतां गोळा आकसतो, म्हणून आरंभीं तो मोठा घ्यावा लागतो. पाय तारेचे, डोळे काळ्या मण्यांचे.

नातीनें चिमणा आरंभिला होता: डोक्यावर राखी रंग, डोळ्यामागें तांबूस पट्टा, गळ्याखालीं काळा डाग. तिनें विचारलें, "आजोबा, पायाला पुढें बोटें किती?" आम्हीं ३४ वर्षें मुलांकडून अमरकोश पाठ करून घेतला. चटक, कलविंक हीं नांवें मुखोद्गत; पण बोटें कधीं मोजलीं नव्हतीं.

"पुढें तीन, मागें एक," खाटेवरून उत्तर आलें. तें आमचे वडील बंधु अण्णा यांचें. त्यांची दृष्टि जाऊन ६ वर्षें झालीं. त्यापूर्वीं ते रोज सकाळीं ओसरीवर चिमण्यांस तांदुळाच्या कण्या टाकीत. अलीकडे घरांत जेवण व औषध यांपलीकडे त्यांस कोणी कांहीं विचारीत नसे. त्या 'कोणी'मध्यें आम्हीहि आलोंच.

मुलीनें चिमणा त्यांच्या ओंजळींत ठेवला. बोटें फिरवीत ते बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, "पाठ चांगली साधली आहे, बाळ. पण मान लांब झाली. चिमणा अंग फुगवून बसला म्हणजे मान दिसतच नाहीं. आणि शेपूट जमिनीला टेकवूं नकोस."

तिनें काम मोडलें नाहीं. मानेभोवतीं लोंकरीचे थर चढवून डोकें खांद्यांत बसविलें, शेपूट उचलली, आणि दुसऱ्या दिवशीं चिमणा पुन्हां त्यांच्या हातीं दिला. "आतां ठीक," अण्णा म्हणाले. "आतां चिमणी कर. तिला काळा गळा नको." सध्यां बुलबुल चालला आहे, आणि रोज दुपारीं अण्णांची परीक्षा असते.

घरांतील वृद्धांस औषध घेतलें कीं नाहीं हें आपण विचारतों, तें योग्यच. पण त्यांस ठाऊक असलेलें असेंहि कांहीं रोज विचारावें. हा धडा आम्हांस एका मुलीच्या सुईनें दिला.