दाण्यातला गुण डोळ्यांना दिसत नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी गावांत सिकलसेलची तपासणी आता ओळखीची झाली आहे. सिकलसेलची वाहक व्यक्ती दिसायला धडधाकट असते, शेतात राबते. तिच्याकडे पाहून काही कळत नाही. कळते ते रक्त तपासल्यावरच. ही तपासणी शरीरात काही घालत नाही की बदलत नाही. जे आहे ते फक्त दाखवते. पिकांच्या पैदाशीत वापरले जाणारे डीएनए मार्कर हेच काम करतात.

हे आधी सांगायचे कारण असे की, ‘डीएनए’ म्हटले की आपल्याकडे लगेच बीटी कापूस आठवतो. बीटी कापसात जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले आहे. मार्करच्या साह्याने वाण तयार करताना मात्र संकर नेहमीसारखाच होतो. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते उपटायचे, एवढेच पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून ठरवले जाते.

आपल्या जिल्ह्यात होणाऱ्या मक्याचेच उदाहरण घेऊ. मक्यात प्रथिने आहेत, पण लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक अमिनो आम्ले फार कमी. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. ज्यांच्या ताटात मका सोडून फारसे काही नसते, त्यांना म्हणूनच पेलाग्रासारखे आजार होत आले आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी 1964 मध्ये दाखवून दिले की, ‘ओपेक-2’ हे बदललेले जनुक असलेल्या मक्यात लायसिन बरेच जास्त असते. अडचण एकच होती. सिकलसेलसारखाच हा गुणही दोन्ही पालकांकडून आला तरच प्रकट होतो. वाहक रोप इतरांसारखेच दिसते. त्यामुळे प्रत्येक संकरानंतर आणखी एक पिढी वाढवून पाहावी लागे आणि वर्षे जात.

मार्करने ही वाट पाहणे संपवले. रोप कोवळे असतानाच वाहक कोण ते कळू लागले. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने याच पद्धतीने तयार केलेला ‘विवेक क्यूपीएम 9’ 2008 मध्ये आला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने त्यात ‘अ’ जीवनसत्त्व वाढवणाऱ्या जनुकाची भर घातली आणि 2017 मध्ये ‘पुसा विवेक क्यूपीएम 9 इम्प्रूव्हड’ हा वाण दिला. महाराष्ट्रातील खरिपासाठीही त्याची शिफारस आहे. नेहमीच्या मक्याच्या प्रथिनात लायसिन दीड ते दोन टक्के असते. या वाणात ते 2.67 टक्के आहे. ट्रिप्टोफॅन 0.3–0.4 टक्क्यांवरून 0.74 टक्क्यांवर गेले आहे.

म्हणजे विज्ञानाने आपले काम केले. मग हा दाणा मुलांच्या ताटात का दिसत नाही? आपला बहुतेक मका व्यापाऱ्याकडून कोंबडीखाद्य आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे जातो. तिथे भाव वजनावर आणि ओलाव्यावर ठरतो, लायसिनवर नाही. शिवाय शेजारच्या शेतातील साध्या मक्याचे परागकण आले की त्या दाण्यातला गुण झाकला जातो, म्हणून पेरणीत अंतर राखावे लागते. जास्तीचा पैसा मिळत नसेल तर शेतकऱ्याने ही उठाठेव का करावी?

उत्तर सरकारी खरेदीत आहे. अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी असा मका जिल्ह्यातील शेतकरी गटांकडून करार करून, वाढीव दराने घ्यावा. दाणे पाहून फरक ओळखू येत नाही, तेव्हा खरेदीच्या वेळी नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करावी. नाहीतर कागदावर पौष्टिक आणि पोत्यात साधा मका, असे व्हायला वेळ लागणार नाही. साठवणीत ‘अ’ जीवनसत्त्व घटत जाते, म्हणून माल गोदामात रेंगाळता कामा नये.

हा मका डाळीला किंवा अंड्याला पर्याय नाही. पण ज्या घरात डाळ पातळ होत जाते आणि अंडे क्वचितच येते, तिथे घासातल्या धान्याचाच कस वाढणे मोलाचे आहे. कुपोषित मूल रुग्णालयात पोहोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याचा उपचार पेरणीपासून सुरू करता येत असेल, तर आरोग्य, कृषी आणि महिला-बालविकास या तीन खात्यांनी येत्या खरिपाआधी एकत्र बसायला हवे.